विश्लेषण : लैंगिकतेवरचा सिनेमा आणि दुखावलेला ख्रिस्ती प्रेक्षक, 'सिन्स' ते 'काथल' काय बदललं?

रविवारची उपासना आटोपते, जेवणं होतात आणि दुपारी मोबाईलवर एक क्लिप येऊन पडते. झग्यातला एक फादर, एक तरुणी, अर्धवट अंधारातली खोली. खाली ओळ असते, 'आपल्या धर्माचा अपमान, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' हातकणंगले असो, वसई असो की मडगाव, ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी क्लिप कधी ना कधी येतेच. मग कुणी बंदी मागतं, कुणी 'दुर्लक्ष करा' म्हणतं, कुणी रागाची इमोजी टाकतं. सिनेमा पूर्ण पाहिलेला मात्र त्यात क्वचितच कुणी असतो.

लैंगिकतेवरचा एखादा सिनेमा अंगावर आला की श्रद्धाळू ख्रिस्ती प्रेक्षकाने काय करावं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २००५ मध्ये मुंबईत तो न्यायालयापर्यंत गेला. २००६ मध्ये गोव्यात सरकारपर्यंत गेला. २०२३ मध्ये केरळमध्ये तो वेगळ्याच रूपात पुढे आला. या वीसेक वर्षांत कुणाचं काय म्हणणं होतं, कायदा काय सांगतो आणि बंदीच्या मागणीने खरंच काय साधलं, ते क्रमाने पाहू.

'सिन्स' प्रकरण नेमकं काय होतं?

'सिन्स' हा इंग्रजी भाषेतला भारतीय सिनेमा फेब्रुवारी २००५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते विनोद पांडे. 'एक बार फिर' (१९८०) आणि 'ये नजदीकियाँ' (१९८२) यांसारखे विवाहबाह्य नात्यांवरचे सिनेमे त्यांनी आधी केले होते. 'सिन्स'मध्ये शायनी आहुजाने केरळमधल्या एका कॅथलिक फादरची भूमिका केली, तर सीमा रहमानीने त्याच्याशी शरीरसंबंधात गुंतलेल्या तरुणीची. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला माणूस वासनेत अडकतो, मालकी गाजवू लागतो आणि शेवटी हिंसेपर्यंत पोहोचतो, असा कथेचा प्रवास आहे. केरळमधल्या एका फादरवरच्या गुन्ह्याची बातमी वाचून ही कथा सुचल्याचं दिग्दर्शकांचं म्हणणं होतं.

सेन्सॉर बोर्डाने सिनेमाला 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. तरीही मुंबईतल्या 'कॅथलिक सेक्युलर फोरम' या संघटनेने आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने प्रदर्शन रोखायला नकार दिला. सिनेमा लागला आणि काही आठवड्यांत उतरला. ज्यांना त्याचं नावही कळलं नसतं, अशा अनेकांना ते या वादामुळे कळलं.

आक्षेप कशाला होता, लैंगिकतेला की झग्याला?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आजही अशा वादात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात.

पहिला आक्षेप नैतिक असतो. शरीर ही देवाने दिलेली पवित्र गोष्ट आहे, लैंगिक संबंध विवाहातच शोभतात आणि पडद्यावर त्याचा बाजार मांडणं चूक आहे, असं अनेक ख्रिस्ती लोक मनापासून मानतात. हे मत तुम्हाला पटो न पटो, ते प्रामाणिक असू शकतं. असा माणूस फादरचा सिनेमा पाहून जितका अस्वस्थ होईल, तितकाच एखाद्या उद्योगपतीच्या बेडरूमचा सिनेमा पाहूनही होईल.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा असतो. 'हे सगळं आमच्याच फादरच्या अंगावर का टाकलं?' असा त्याचा सूर असतो. 'सिन्स'च्या वेळी मुख्य राग हा होता. झगा, वेदी, क्रूस, जपमाळ या खुणा कामुक दृश्यांच्या शेजारी वापरल्या, याचं दुःख मोठं होतं.

हा दुसरा आक्षेप फक्त ख्रिस्ती लोकच घेतात, असं नाही. दीपा मेहतांचा 'फायर' १९९८ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. दोन जावांमधल्या प्रेमाची ती गोष्ट होती. त्या वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत शिवसैनिकांनी चित्रपटगृहांवर हल्ले केले. त्या वेळचा एक मोठा आक्षेप होता, पात्रांची नावं राधा आणि सीता का? सिनेमा पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे गेला आणि १९९९ मध्ये एकही कट न लागता परत आला.

नावांचा हाच मुद्दा पंचवीस वर्षांनी केरळमध्ये ख्रिस्ती तोंडून ऐकू आला. त्याकडे पुढे येऊच.

'आमच्यावरच का?' ही तक्रार खोटी आहे का?

पूर्णपणे खोटी नाही, आणि ती हसून उडवून लावू नये.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार आहे, म्हणजे एक टक्क्यापेक्षाही थोडी कमी. देशभरात हे प्रमाण २.३ टक्के आहे. त्यातही मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे, अहिल्यानगर अशा पट्ट्यांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यात समाज विखुरलेला आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्या मिशनच्या कामातून शाळा, मिरज आणि कोडोलीसारख्या ठिकाणची रुग्णालयं आणि मराठी बोलणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. आजरा, गडहिंग्लज भागात कोंकणी बोलणारे कॅथलिक आहेत. गावागणिक दहा-वीस घरं, एवढाच हा पसारा.

अशा गावात बहुतेक शेजाऱ्यांनी ख्रिस्ती माणूस जवळून पाहिलेला नसतो, त्यांनी तो पडद्यावर पाहिलेला असतो. हिंदी सिनेमाने बरीच वर्षं काय दाखवलं? दारूच्या नशेतला मायकल, आखूड कपड्यांतली रोझी, खलनायकाचा साथीदार रॉबर्ट, किंवा मेणबत्त्यांच्या उजेडात उभा राहणारा प्रेमळ पण कथेला निरुपयोगी फादर. घरात नऊवारी नेसून अभंगाच्या चालीवर भजनं म्हणणारी मराठी ख्रिस्ती आजी पडद्यावर जवळजवळ नाहीच. त्यामुळे मुळात दहा चित्रं असती आणि त्यातलं एक वाईट असतं, तर ते खपून गेलं असतं. इथे चित्रंच दोन, आणि त्यातलं एक वासनांध फादरचं. मग ते संपूर्ण समाजावर चिकटतं. दुखावलेपणाचं हे कारण खरं आहे.

पण यावरचा उपाय बंदी हाच आहे का, हा वेगळा प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचं तर, दुखावणं आणि गुन्हा यांत कायदा फरक करतो.

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' या गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. म्हणजे 'मुलांनी काय पाहावं' आणि 'कुणीच पाहू नये' हे दोन प्रश्न कायद्याने वेगळे ठेवले आहेत. बोर्डाच्या निर्णयावर अपील ऐकणारं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागतं.

धार्मिक भावना दुखावण्याचं कलम आधी भारतीय दंड विधानात २९५-अ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. पण त्यासाठी 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' अपमान केल्याचं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरवताना ही अट अधोरेखित केली होती. एखाद्याला वाईट वाटलं, एवढं पुरेसं नसतं.

१९८९ चा एस. रंगराजन खटला यापुढचं पाऊल आहे. आरक्षणावरच्या एका तमिळ सिनेमाविरोधात निदर्शनांची धमकी होती. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. सिनेमाचा परिणाम सर्वसाधारण समजूतदार माणसाच्या नजरेतून तपासायचा, अतिसंवेदनशील माणसाच्या नजरेतून नाही. आणि दंगा होईल या भीतीने सरकारने अभिव्यक्ती दाबायची नाही, उलट कायदा-सुव्यवस्था राखणं हे सरकारचंच काम आहे.

१९९६ मध्ये 'बँडिट क्वीन'च्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. पडद्यावर नग्नता दिसली म्हणजे ती अश्लीलताच, असं नाही. ती कशासाठी दाखवली आहे, प्रेक्षकाच्या मनात किळस आणि करुणा जागवण्यासाठी की वासना चाळवण्यासाठी, हे पाहावं लागतं.

ही चौकट समोर ठेवली की 'सिन्स' न्यायालयात का अडला नाही, ते कळतं. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र होतं, कथा एका व्यक्तीच्या पतनाची होती आणि पाहायचं की नाही, याची निवड प्रेक्षकाच्या हातात होती.

गोव्यात बंदीने काय साधलं?

पुढच्याच वर्षी 'द दा विंची कोड' आला. येशू आणि मग्दालिया मरीया यांचा विवाह झाला होता आणि चर्चने ते लपवलं, अशी कल्पना त्यात होती. कामुक दृश्यांचा हा सिनेमा नव्हता. पण येशूच्या विवाहाची कल्पनाच अनेक श्रद्धाळूंना सर्वांत जास्त टोचली.

केंद्र सरकारने प्रदर्शनापूर्वी ख्रिस्ती प्रतिनिधींचं म्हणणं ऐकलं. सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र मिळालं आणि ही कथा काल्पनिक आहे, असं निवेदन त्याला जोडायला लावलं. मे २००६ च्या अखेरीस तो भारतात लागला. तरीही गोवा, पंजाब, नागालँड, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी त्यावर बंदी घातली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी बंदीची मागणी फेटाळली. त्याच महिन्यात आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने राज्याची बंदी रद्द केली. बोर्डाने प्रमाणपत्र दिलेला सिनेमा केवळ तक्रारी आल्या म्हणून राज्याला असा रोखता येत नाही, हा त्यामागचा गाभा होता.

या काळात डॅन ब्राऊनची मूळ कादंबरी मात्र दुकानांत उघडपणे विकली जात होती. म्हणजे ज्याला ती कल्पना वाचायची होती, त्याला कुणी अडवलं नाही. उलट जे लोक त्या वाटेला गेलेच नसते, त्यांनाही बंदीने रस्ता दाखवला.

मुंबईत ऑक्टोबर २०१५ मध्ये 'ॲग्नेस ऑफ गॉड' या नाटकावरूनही असाच वाद झाला. कॉन्व्हेंटमधली एक तरुण नन बाळाला जन्म देते आणि ते बाळ मृत आढळतं, अशी त्याची कथा आहे. बंदीची मागणी झाली आणि प्रयोग पोलीस बंदोबस्तात झाला.

तिन्ही प्रकरणांत क्रम तोच राहिला. आधी मागणी, मग मथळे, मग न्यायालय किंवा बंदोबस्त, आणि शेवटी कलाकृती लोकांपर्यंत पोहोचलीच. ज्यांनी विरोध केला, त्यांचा मूळ मुद्दा मात्र कुठेच पोहोचला नाही. ख्रिस्ती माणूस पडद्यावर इतका एकसुरी का दिसतो, हा प्रश्न 'बंदी हवी की नको' या भांडणात हरवून गेला.

चर्च काय शिकवतं?

इथे 'ख्रिस्ती' हा एकच शब्द पुरत नाही.

कॅथलिक चर्चची शिकवण लेखी आणि केंद्रीय आहे. तिच्या धर्मशिक्षण-ग्रंथानुसार लैंगिक संबंध विवाहातच योग्य आहेत आणि समलिंगी कृती चूक आहेत. पण तोच ग्रंथ असंही सांगतो की समलिंगी कल असलेल्या व्यक्तींशी आदराने, करुणेने वागावं आणि त्यांच्याशी अन्यायकारक भेदभाव करू नये. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांनाही साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. हा विवाहविधी नाही, हेही त्यात स्पष्ट केलं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत असं एकच केंद्र नसतं. १९७० मध्ये नागपूरमध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा कोल्हापूर हा एक धर्मप्रांत आहे. शिवाय स्वतंत्र मंडळ्या आहेत, पेंटेकॉस्टल गट आहेत. त्यांचे पाळक विवाहित असतात, त्यामुळे ब्रह्मचर्याचा पेच तिथे त्याच रूपात नसतो. म्हणून 'सिन्स'सारखा सिनेमा मुंबईतल्या कॅथलिक प्रेक्षकाला घरातला वाटतो, तर हातकणंगलेच्या आसपासच्या प्रोटेस्टंट प्रेक्षकाला तो थोडा दूरचा वाटू शकतो. गावातल्या इतरांना मात्र हा फरक माहीत नसतो. त्यांच्यासाठी 'चर्चवाले' सगळे एकच. टोमणा दोघांनाही सारखाच बसतो.

सिनेमाकडे पाहण्याची चर्चची नजरही बदलत गेली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅथलिकांची 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही मोहीम होती. कोणता सिनेमा पाहू नये, याच्या याद्या निघत आणि लोक तशी शपथ घेत. २०१६ मध्ये मात्र उलटी गोष्ट घडली. बोस्टनमध्ये फादरांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी ते कसे दडपले, हे सांगणाऱ्या 'स्पॉटलाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यावर व्हॅटिकनच्याच दैनिकाने लिहिलं की हा सिनेमा कॅथलिकविरोधी नाही.

हा बदल सुखासुखी झाला नाही. मधल्या काळात जगभर अत्याचाराची प्रकरणं बाहेर आली होती. झग्याची प्रतिष्ठा सिनेमाने नव्हे, प्रत्यक्ष गुन्ह्यांनी आणि त्यांवर घातलेल्या पांघरुणाने घालवली, हे चर्चलाही मान्य करावं लागलं.

भारतात काय दिसलं?

भारतातही हा प्रश्न पडद्यापुरता राहिला नाही. केरळमध्ये १९९२ मध्ये सिस्टर अभया यांचा मृतदेह कोट्टायममधल्या कॉन्व्हेंटच्या विहिरीत सापडला. तब्बल २८ वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, सीबीआय न्यायालयाने एका फादरला आणि एका ननला खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाच्या काळात ती शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. २०१८ मध्ये एका ननने जालंधरच्या तत्कालीन बिशपांविरुद्ध बलात्काराची तक्रार केली आणि तिच्या सहकारी नन कोचीत रस्त्यावर बसल्या. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरवलं.

या खटल्यांचे निकाल काहीही लागोत, त्यांनी एक गोष्ट बदलली. झग्यातल्या माणसाच्या लैंगिक वर्तनावर प्रश्न विचारणं म्हणजे बाहेरच्यांनी केलेली बदनामी, असं आता म्हणता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्या बायका चर्चच्या आतल्याच होत्या.

'काथल'ने वेगळं काय केलं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मल्याळम 'काथल : द कोर' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जिओ बेबी, मुख्य भूमिकेत मामुट्टी आणि ज्योतिका. मॅथ्यू देवस्सी हा प्रतिष्ठित ख्रिस्ती कुटुंबातला माणूस स्थानिक पोटनिवडणुकीला उभा राहतो. त्याच वेळी त्याची पत्नी ओमना घटस्फोटासाठी अर्ज करते. कारण सांगते की नवरा समलिंगी आहे आणि वीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला काहीच आलं नाही.

इथे बेडरूमचं एकही भडक दृश्य नाही. खिजवण्याचा हेतूही दिसत नाही. चर्च आहे, प्रार्थना आहे, म्हातारे वडील आहेत, शेजारी आहेत. तरीही अनेकांना हा सिनेमा 'सिन्स'पेक्षा जास्त बोचला, कारण यात पाप करणारा परका फादर नाही, आपल्याच बाकावर बसणारा सज्जन माणूस आहे. चंगनाश्शेरीचे तेव्हाचे साहाय्यक बिशप थॉमस थरयिल यांनी उघड टीका केली आणि कथेला ख्रिस्ती पार्श्वभूमीच का, असा प्रश्न उपस्थित केला. 'फायर'च्या वेळचा नावांचा मुद्दा तो हाच. विरोध फक्त ख्रिस्ती गोटातून आला असंही नाही. कोळिकोडच्या फारूक कॉलेजमधला जिओ बेबी यांचा ठरलेला कार्यक्रम डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. ती मुस्लिम व्यवस्थापनाची संस्था आहे. कुवेत आणि कतारमध्ये सिनेमा लागलाच नाही.

केरळमध्ये मात्र तो शांतपणे चालला. बिशपांनी टीका केली, प्रेक्षकांनी सिनेमा पाहिला, घराघरांत चर्चा झाली. नंतर त्याला राज्याचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. बिशपांना टीकेचा हक्क होता, तो त्यांनी वापरला. प्रेक्षकांना पाहण्याचा हक्क होता, तो त्यांनी वापरला. निरोगी लोकशाहीतला वाद असाच दिसतो.

मराठीतही आता ही वाट रुळू लागली आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा मोठा ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेल्या तरुणाची आणि त्याच्या बालमित्राची ती प्रेमकहाणी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ती आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागली. त्यातलं घर हिंदू आहे. पण लग्नाचा तगादा, नातेवाइकांच्या नजरा आणि न बोललेलं सत्य कोणत्याही जाती-धर्माच्या मराठी घरात ओळखीचं वाटावं, असं आहे.

दुसऱ्याच्या देवघरात कॅमेरा गेला तर?

कोल्हापूरकरांना 'जोगवा' आठवत असेल. राजीव पाटील यांचा २००९ मध्ये आलेला हा सिनेमा यल्लम्माला सोडलेल्या जोगते-जोगतिणींच्या जगण्यावर आहे. धर्माच्या नावाने माणसाच्या शरीराचं आणि इच्छेचं काय केलं जातं, हे त्याने सरळ दाखवलं. उपेंद्र लिमयेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या ख्रिस्ती प्रेक्षकांनीही तो कौतुकाने पाहिला असेल, 'बघा, किती धाडसाने दाखवलंय' असं म्हणत.

मग कसोटी एकच ठेवावी लागते. शेजाऱ्याच्या देवघरात कॅमेरा गेला की ते धाडस आणि आपल्या वेदीपाशी आला की तो अपमान, असं चालणार नाही. विचारायचं ते हे, की सिनेमा खऱ्या दुःखाबद्दल बोलतोय की धार्मिक खुणा फक्त मसाला म्हणून वापरतोय? 'जोगवा' आणि 'काथल' पहिल्या गटात बसतात. 'सिन्स'बद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. त्याचा विषय गंभीर होता, पण मांडणी वारंवार शरीराकडेच झुकत होती, अशी टीका करता येते. ती करण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही, आणि ती बंदीपेक्षा जास्त टोकदार ठरते.

बायबलमध्येच गोष्ट आहे

श्रद्धाळू वाचकांसाठी इथे एक आठवण. दावीद राजाने बथशेबाला आपल्या महालात आणलं आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मरायला पाठवलं. त्याला जाब कुणी आणि कसा विचारला? नाथान संदेष्ट्याने त्याला एक कल्पित गोष्ट सांगितली. श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती कोकरी हिसकावल्याची. राजा ती ऐकून चिडला, आणि मग त्याला कळलं की गोष्ट त्याचीच आहे. बायबलने आपल्या सर्वांत लाडक्या राजाचं लैंगिक पाप लपवलं नाही, ते लिहून ठेवलं. 'गीतरत्न' हे प्रेमाचं आणि देहाच्या ओढीचं पुस्तकही त्याच ग्रंथात आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेनेही हे काम केलं आहे. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतल्या या पहिल्या कादंबरीने हिंदू विधवांची कोंडी समाजासमोर मांडली. त्या काळात अनेकांना ते बोचलंच असणार. म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं झाकलेलं दुःख कथेतून उघड करण्याचा मान मराठीत एका ख्रिस्ती लेखकाकडे जातो. तो हक्क आपण वापरला असेल, तर इतरांनाही द्यावा लागतो.

मग प्रेक्षकाने करायचं काय?

न पाहणं हा पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. ज्याच्या सद्सद्विवेकाला एखादा सिनेमा पटत नाही, त्याने तो पाहू नये आणि त्याबद्दल त्याला कुणी मागासही म्हणू नये.

मुलांची काळजी असेल तर मोबाईल आणि टीव्हीवरच्या ॲपमध्ये वयानुसार कुलूप लावता येतं. ओटीटीवरच्या मजकुराबद्दल तक्रार असेल तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ती नोंदवता येते. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. समाधान झालं नाही तर वरच्या दोन पायऱ्या आहेत.

क्लिप पुढे पाठवू नका. ती पाठवताना आपण ज्या दृश्याला विरोध करतोय, त्याचेच वितरक होतो. संदर्भ तुटलेले वीस सेकंद सिनेमा काय म्हणतो, ते सांगतही नाहीत. आणि कामुक दृश्यं मोबाईलवरून पसरवणं हा आयटी कायद्यानुसार गुन्हाही ठरू शकतो.

टीका करायची असेल तर पाहून करा, लिहून करा. 'आमचे फादर असे नसतात' यापेक्षा 'या पात्राला एकही खरा मित्र, एकही खरी प्रार्थना का दिली नाही?' हा प्रश्न दिग्दर्शकाला जास्त अडचणीत टाकतो. आणि मराठी ख्रिस्ती घरांच्या गोष्टी पडद्यावर हव्या असतील, तर त्या त्याच घरांतल्या मुलामुलींना लिहाव्या लागतील. कोल्हापूरला सिनेमाची माती आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच १९२० मध्ये 'सैरंध्री' केला, तोही स्त्रीवरच्या अत्याचाराचीच कथा सांगणारा.

शेवटचा मुद्दा सिनेमापेक्षा मोठा आहे. ग्रुपवर क्लिप येते, त्यावर थट्टा आणि शिव्यांचा पाऊस पडतो, तेव्हा त्याच ग्रुपमध्ये कुणीतरी गप्प बसलेलं असतं. कदाचित तरुण संघातला एखादा मुलगा, ज्याला आपण वेगळे आहोत हे कळलंय. कदाचित ओमनासारखी एखादी बाई, जिचं लग्न कागदावरच उरलंय. कदाचित लहानपणी कुणीतरी छळलेली एखादी मुलगी, जिने हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. हे तिघं सिनेमावरचं आपलं मत वाचत नसतात. उद्या आपण स्वतः तोंड उघडलं तर ही माणसं कशी वागतील, याचा ते अंदाज घेत असतात.

सिनेमा दोन आठवड्यांत उतरतो. आपण तेव्हा काय लिहिलं होतं, हे त्यांच्या लक्षात राहतं.